कोळसा खाणीशेजारच्या विहिरींचं पाणी: नमुना कसा घ्यायचा, नोंद कशी ठेवायची, अहवाल कसा वाचायचा

घुग्घुस, राजुरा, भद्रावती, वणी, उमरेड. या पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'खाण आली आणि पाणी बिघडलं.' समोरचा साहेब शांतपणे विचारतो, 'आधी कसं होतं?' आणि सभा गप्प होते. पाणी मचूळ लागतं, डाळ शिजत नाही, चहा काळा पडतो, हे सगळं खरं असतं. पण कधीपासून, किती आणि कोणत्या विहिरीत, हे लिहून ठेवलेलं नसतं. खाणीकडे मात्र दर तिमाहीचे छापील तक्ते असतात.

मग कुणीतरी पदरचे पैसे घालून एक बाटली प्रयोगशाळेत पाठवतो. दोन-तीन आकडे मर्यादेबाहेर येतात, बातमी छापून येते, महिन्याभरात प्रकरण थंडावतं. एका बाटलीवरून खाणीचा दोष ठरत नाही आणि तिची सुटकाही होत नाही. तीच विहीर, तोच महिना, तीच पद्धत अशी दोन-तीन वर्षांच्या आकड्यांची रांग ज्याच्याकडे आहे, त्याचं म्हणणं टिकतं. गावाला ही रांग स्वतः उभी करता येते. उदाहरणं वर्धा खोऱ्यातली घेतली आहेत, कारण वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या, महाराष्ट्रातल्या बऱ्याच खाणी इथेच आहेत.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहा

चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा गोंडवाना खडकांत आहे. तळाशी तालचीर, त्यावर कोळशाचे थर असलेला बाराकर आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांत वर कामठी वालुकाश्म. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा हा कामठीचा वाळूचा दगड, कारण चांगलं पाणी धरून ठेवणारा थर तोच. नेमका हाच थर कापल्याशिवाय खुल्या खाणीला कोळशापर्यंत पोचता येत नाही. थर कापला की पाणी खड्ड्यात उतरतं, सम्पमध्ये, म्हणजे खड्ड्याच्या तळाच्या डबक्यात, साठतं आणि पंपाने उपसून नाल्यात सोडलं जातं. उपसा चालू असेतोवर आसपासच्या भूजलाचा ओढा खड्ड्याकडेच राहतो.

ही गोष्ट नीट पटवून घ्या, कारण इथे अनेकांची गल्लत होते. चालू खाणीच्या खड्ड्यातलं पाणी सहसा जमिनीखालून तुमच्या विहिरीकडे येत नाही. तुमच्या विहिरीचं पाणी खड्ड्याकडे जातं. त्यामुळे चालू खाणीजवळ पहिल्यांदा खचते ती पातळी. गुणवत्ता बिघडते ती बहुधा दुसऱ्या वाटांनी. खाणीतून काढलेल्या मातीच्या, म्हणजे ओबीच्या, ढिगाऱ्यांतून झिरपणारं पाणी ही एक वाट. सम्पचं पाणी वाहून नेणारा नाला ही दुसरी. कोळशाचं सायडिंग (रेल्वेत कोळसा भरायची जागा), वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना) आणि चंद्रपूरच्या आसपास औष्णिक केंद्राची राख या आणखी काही. विहिरी निवडताना या वाटा डोळ्यांसमोर हव्यात.

आणि काही दोष जमिनीचेच आहेत. चंद्रपूर आणि यवतमाळ दोन्ही जिल्ह्यांत फ्लोराइडची गावं आहेत, त्यांतली कित्येक खाणीपासून लांब आहेत. कोरपना-राजुऱ्याकडे चुनखडी असल्याने पाणी मुळातच जड. गोंडवाना वालुकाश्मातल्या हापशीला लोह येणं हेही नवीन नाही. हे सगळं खाणीच्या माथी मारलं की खरा मुद्दाही सोबत वाहून जातो.

खाणीचा ठसा कशात दिसतो

कोळशात आणि त्यालगतच्या शेल या चिकणमातीच्या दगडात पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज असतं. जमिनीखाली हवा नसते तोवर ते गप्प असतं. उकरून वर टाकलं, हवा-पाणी लागलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि आम्ल, लोह व सल्फेट सुटतं. ईशान्य भारतातल्या गंधकयुक्त कोळशाच्या खाणींत यातूनच पाणी लालभडक आणि आंबट होतं. आपल्याकडच्या कोळशात गंधक त्या मानाने कमी आहे आणि खडकातले कार्बोनेट आम्लाला बऱ्याच अंशी मारतात. त्यामुळे पीएच ७ ते ८ च्या घरात सरळ दिसतो आणि पीएचची पट्टी बुडवणारा निर्धास्त होऊन घरी जातो. मात्र आम्ल मारताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात, सल्फेट तर तसंच राहतं. म्हणून आपल्या भागात खाणीचा ठसा शोधायचा तो सल्फेट, कठीणपणा आणि विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, यांच्यात. पीएच मोजा जरूर, पण त्याच्या भरवशावर राहू नका. काही जुन्या भूमिगत खाणींचं पाणी आम्लधर्मी निघतंही, तिथे मँगनीज आणि इतर धातू तपासणं टाळता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यात ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, जिथे पावसाळ्यात ओल झिरपते तिथे, जाऊन पाहा. मातीवर पांढरी-पिवळसर पापडी धरलेली दिसेल. बोटाने खरवडली तर पिठासारखी निघते. हे बहुधा सल्फेटचे क्षार. मृगाच्या पहिल्या सरींत हीच पापडी विरघळून नाल्यात जाते.

नायट्रेटची भानगड थोडी वेगळी. ब्लास्टिंगच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेला भाग सम्पच्या पाण्यात उतरतो. पण कपाशीचा युरिया, गोठा आणि संडासाचे खड्डेही नायट्रेटच देतात. एकट्या नायट्रेटवरून बोट दाखवता येत नाही. राखेचा संशय असेल तर बोरॉन मुद्दाम तपासून घ्या. राखेच्या पाण्यात सल्फेटच्या जोडीला तो वाढलेला आढळतो.

विहिरी निवडणं: अर्धं काम इथेच होतं

गावनकाशा आणि खाणीचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल समोर ठेवा. त्या अहवालात साधारण १० किलोमीटरच्या परिघातल्या पाण्याचे खाण सुरू होण्याआधीचे आकडे असतात. 'आधी कसं होतं' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा कंपनीच्याच कागदात पडून असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची, तसंच केंद्रीय भूजल मंडळाची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर तिचे जुने आकडे मागून घ्या. तीच विहीर तुमच्याही यादीत घातली तर रांग आयती मागे लांबते.

एका गावाला आठ-दहा जागा पुरे. त्यांतल्या निदान दोन विहिरी खाणीच्या वरच्या अंगाला, खाणीचं पाणी पोचूच शकणार नाही अशा ठिकाणी हव्यात. यांना तुलनेच्या विहिरी म्हणू. त्या तशाच खडकातल्या, साधारण तितक्याच खोल आणि तशाच पिकांच्या शिवारातल्या असाव्यात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असतं, म्हणजे शेतातूनही थोडं सल्फेट येतं. तुलनेची विहीर पडीक माळावर घेतली तर समोरचा वकील एवढाच मुद्दा धरून बसेल. बाकी जागा ढिगारा, नाला आणि सायडिंग यांच्या खालच्या अंगाला, एक जवळ आणि एक लांब अशा जोडीने घ्या. नाल्यावर दोन ठिकाणं हवीत, खाणीचं पाणी मिळण्याआधीचं आणि नंतरचं. उथळ विहिरी आणि खोल बोअर एकाच तक्त्यात मिसळू नका, त्यांचं पाणी वेगवेगळ्या थरांतलं असतं.

वापरात नसलेली, पालापाचोळा कुजलेली विहीर घेऊ नका. ज्या विहिरीला ब्लीचिंग पावडर पडते तिची तारीख विचारून ठेवा.

प्रत्येक जागेला कायमचा क्रमांक द्या. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा, पातळी दरवेळी त्याच खुणेपासून मोजायची. वहीत अक्षांश-रेखांश, खोली, व्यास, बांधकाम, वापर, गोठा आणि संडास किती अंतरावर, एवढं एकदाच लिहून ठेवा. मालकाची संमतीही लिहून घ्या. पुढे प्रकरण तापलं की पहिला दबाव त्याच्यावर येतो.

पाणी जमिनीखालून कोणत्या दिशेने जातं हे नुसत्या उतारावरून ठरवू नका. त्रिकोणात असलेल्या तीन विहिरींच्या खुणांची उंची आणि एकाच दिवशीची पातळी मिळाली की दिशा काढता येते. उंचीसाठी मोबाइलचा जीपीएस चालत नाही, तो काही मीटरनी चुकतो. जवळच्या पॉलिटेक्निकच्या मुलांना लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा, त्यांचं प्रात्यक्षिक होतं आणि तुमचं काम.

कधी मोजायचं

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं: जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. खाणींच्या पर्यावरण मंजुरीतही साधारण याच चार फेऱ्यांची अट असते. तुम्हीही हेच महिने धरा, म्हणजे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. त्यात जूनमधली एक फेरी वाढवा, पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत, निदान नाल्याची आणि ढिगाऱ्यालगतच्या विहिरींची. खाणीच्या तक्त्यात ही फेरी सहसा नसते.

पैसा कमी असेल तर माझा सल्ला सरळ आहे. दर महिन्याला सगळ्या जागांची पातळी आणि ईसी गावानेच मोजावी, पूर्ण रासायनिक तपासणी मे आणि नोव्हेंबरमध्येच करावी. खिशात मावणाऱ्या ईसी मीटरने जेवढं कळतं तेवढं वर्षातून एकदा केलेल्या महागड्या धातू-तपासणीने कळत नाही.

पातळी मोजणं

लोखंडी टेप, टोकाला वजन, शेवटच्या मीटरभर भागाला खडू. टेप पाण्यात सोडायची, खुणेवरचा आकडा वाचायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वजा करायचं. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शेतीच्या विजेची पाळी सुरू होण्याआधी मोजणं उत्तम. शेजारच्या शेतातली मोटर चालू असेल तर तसं लिहा, नाहीतर दीड मीटरची घट खाणीच्या नावावर चढेल.

नमुना घेणं

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश.

आदल्या दिवशी मीटर तपासा. पीएच मीटरला ७ आणि ९.२ चं बफर, म्हणजे ठरावीक पीएचचं द्रावण, शक्य असेल तर ४ चंही. ईसी मीटरला १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण. दाखवलेला आकडा वहीत लिहा, 'मीटर बरोबर होता' एवढं पुरत नाही. बाटल्या प्रयोगशाळेतूनच मागवा. थंड पेयाच्या नाहीतर बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतला नमुना कुणी गांभीर्याने घेत नाही, आणि घेऊही नये.

हापशी किंवा बोअर असेल तर पाइपात उभं राहिलेलं शिळं पाणी आधी काढायचं. निरीक्षण बोअर म्हणजे पिझोमीटर असेल तर नियम तीन आकारमानांचा. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे ७.८५ लिटर पाणी असतं. आत २० मीटर पाणी उभं असेल तर १५७ लिटर, त्याच्या तिप्पट ४७१ लिटर उपसून मग नमुना. गावातली रोज चालणारी हापशी असेल तर एवढं लागत नाही. पाच-दहा मिनिटं हापसा, दर दोन मिनिटांनी बादलीत ईसी आणि पीएच पाहा, पीएच ०.१ च्या आत आणि ईसी शेकडा तीन-पाचच्या आत स्थिर झाली की बाटली भरा. उघड्या विहिरीत मोटर असेल तर ती थोडा वेळ चालवून डिलिव्हरी पाइपातून घ्या. नसेल तर स्वच्छ धुतलेलं भांडं मध्यभागी सोडून पृष्ठभागाखाली हातभर खोलीवरून पाणी काढा. वरचा तवंग नको, तळाचा गाळ नको.

मग बाटल्या. एकाच बाटलीतून सगळं होत नाही, निदान तीन लागतात.

पहिली साधी प्लॅस्टिकची, लिटरभर. पीएच, ईसी, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी. त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा. नायट्रेट ४८ तासांत तपासलं गेलं पाहिजे, म्हणून शुक्रवारी दुपारी नमुने घेऊन शनिवार-रविवार बंद प्रयोगशाळेच्या दारात जाऊ नका.

दुसरी धातूंसाठी. यात प्रयोगशाळेनेच नायट्रिक आम्ल घालून दिलेलं असतं, त्यामुळे ही विसळायची नाही आणि उतू जाऊ द्यायची नाही. संहत आम्ल गावात स्वतः हाताळू नका. पाण्यात विरघळलेले धातू पाहायचे असतील तर सिरिंजला ०.४५ मायक्रॉनची गाळणी लावून पाणी तिथल्या तिथे गाळून मगच या बाटलीत भरा. याचं कारण डोळ्यांनी बघता येतं. लोहवाल्या हापशीचं पाणी काचेच्या ग्लासात धरा. निघताना ते काचेसारखं स्वच्छ असतं. अर्ध्या-पाऊण तासात पिवळट होतं, मग तळाला विटकरी गाळ बसतो. हा गाळ बाटलीच्या तळाशी राहिला आणि वरचंच पाणी तपासलं, की अहवालात लोह 'नाही' असं येतं. गाळलं की न गाळता घेतलं हे बाटलीवर लिहाच. पिण्यायोग्यतेसाठी न गाळलेला आणि भूजलाचा स्वभाव कळण्यासाठी गाळलेला, दोन्ही मिळाले तर फार बरं.

तिसरी जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली. हिचं झाकण शेवटच्या क्षणी उघडा, आतून बोट लावू नका, वर थोडी जागा रिकामी ठेवा. बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. खाणीचा आणि जिवाणूंचा काय संबंध, असं लोक विचारतात. नायट्रेट गोठ्याचं की ब्लास्टिंगचं हे ठरवायला ही बाटली लागते.

सायडिंगजवळ किंवा वर्कशॉपखालच्या नाल्यात तेलाचा तवंग दिसला की लगेच फोटो काढून 'डिझेल' असं लिहू नका. काडीने तवंग मोडून पाहा. काचेच्या ठिकऱ्यांसारखे तुकडे होऊन तसेच तरंगत राहिले तर तो लोहजिवाणूंचा पापुद्रा. काडी फिरल्यावर पुन्हा एकत्र येऊन मिळाला तर तेल. तेलाच्या तपासणीसाठी रुंद तोंडाची काचेची बाटली लागते आणि ती विसळायची नसते.

दर फेरीत दोन गोष्टी जास्तीच्या करा. एका विहिरीचे दोन नमुने घ्या आणि त्यांना वेगवेगळे क्रमांक द्या, प्रयोगशाळेला सांगू नका. दोन्हींचे आकडे जवळपास आले तर त्या अहवालावर भरवसा ठेवायला हरकत नाही. आणि एका बाटलीत त्याच शिवारात उभं राहून डिस्टिल्ड वॉटर भरा. त्यात जस्त किंवा लोह निघालं तर दोष बाटलीचा किंवा हाताळणीचा.

प्रत्येक बाटलीवर क्रमांक, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव. सोबत एक कागद, कुणी घेतली, कुणी नेली, प्रयोगशाळेत कुणी किती वाजता स्वीकारली, सह्यांसकट. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि एखादा तटस्थ माणूस, शाळेचे गुरुजी म्हणा, साक्षीला असावा. खाणीच्या पर्यावरण अधिकाऱ्यालाही लेखी कळवा की अमुक दिवशी नमुने घेणार आहोत. ते आले तर उत्तम, नाही आले तरी तुमच्याकडे पत्राची पोच राहते.

काय तपासायला सांगायचं

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा, पण मान्यता तिच्या नुसत्या नावाला नसते, त्या-त्या घटकाला असते. सल्फेट आणि बोरॉनसाठी ती आहे का ते विचारा. पिण्याच्या स्रोतांचे नमुने शासनाच्या जिल्हा व उपविभागीय पाणी प्रयोगशाळांतही जातात. जलजीवन मिशनमधून प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या बायकांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. किटमध्ये सल्फेट आहे का ते मात्र बघून घ्या.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या मानकातल्या, आपल्या कामाच्या मर्यादा अशा. दुसरा आकडा पर्यायी स्रोत नसेल तेव्हाचा. पीएच सोडून सगळे आकडे मि.ग्रॅ./लि. मध्ये.

| घटक | स्वीकारार्ह | कमाल |
|---|---|---|
| पीएच | ६.५–८.५ | सवलत नाही |
| टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) | ५०० | २००० |
| कठीणपणा | २०० | ६०० |
| सल्फेट | २०० | ४०० |
| क्लोराइड | २५० | १००० |
| नायट्रेट | ४५ | सवलत नाही |
| फ्लोराइड | १.० | १.५ |
| मँगनीज | ०.१ | ०.३ |

लोहाची मर्यादा मूळ मानकात ०.३ होती, नंतरच्या दुरुस्तीने ती १.० झाली; अहवालात कोणती धरली आहे ते पाहा. याखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि क्षारता यांचा आग्रह धराच. पिण्याच्या दृष्टीने त्यांचं तेवढं महत्त्व नाही, पण त्यांच्यावाचून अहवाल खरा की खोटा हे पडताळता येत नाही. धातूंमध्ये लोह, मँगनीज, बोरॉन दर वर्षी. शिसं, कॅडमियम, निकेल, आर्सेनिक, पारा, क्रोमियम यांची तपासणी पहिल्या वर्षी एकदा सगळ्या जागी करा आणि जिथे काही निघेल तिथेच पुढे चालू ठेवा. नदी-नाल्याला सोडलेल्या खाणीच्या विसर्गाला पिण्याचं मानक लागत नाही. त्याला २००० सालचं कोळसा खाणींचं मानक आहे: पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ १००, तेल १० आणि सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) २५० मि.ग्रॅ. प्रतिलिटर. सल्फेट त्या यादीत नाही. म्हणजे विसर्ग नियमात बसूनही खालच्या विहिरीत सल्फेट चढू शकतं, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगा.

'आढळलं नाही' किंवा 'बीडीएल' (मोजण्याच्या तळमर्यादेखाली) असं लिहिलेलं असेल तर किती मर्यादेखाली, तो आकडा मागा. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ असताना यंत्राची मोजण्याची तळमर्यादाच ०.०५ असेल, तर त्या 'नाही'ला काही अर्थ नाही.

अहवाल हाती आला की आधी तो तपासा

पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळलीच पाहिजे. मि.ग्रॅ./लि. मधल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या तुल्यभाराने भागा, उत्तर मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरमध्ये येतं: कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कॅल्शियम १२०, मॅग्नेशियम ६०, सोडियम ९०, पोटॅशियम ४ असेल तर धन बाजू सुमारे १४.९. बायकार्बोनेट ३८०, क्लोराइड ८५, सल्फेट २६०, नायट्रेट ३० असेल तर ऋण बाजू सुमारे १४.५. फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागून शंभराने गुणलं की दीड टक्क्याच्या आत येतं. पाच टक्क्यांपर्यंत चालतं, दहाच्या वर गेलं तर अहवाल परत पाठवा. आणखी एक ठोकताळा: धन बाजूला १०० ने गुणलं की मायक्रोसीमेन्समधल्या ईसीच्या आसपासचा आकडा यायला हवा, इथे सुमारे १४९०. तुम्ही शिवारात मोजलेली ईसी ८०० असेल तर बाटल्यांची अदलाबदल झाली आहे असं समजा.

क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिली असेल तर तिला १.२२ ने गुणून बायकार्बोनेट काढा. हे विसरलं की ताळा कधीच जमत नाही.

अर्थ लावणं

एकच आकडा धरून बसू नका, कोणकोणते आकडे सोबत हलतात ते पाहा.

सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ईसी एकत्र चढत आहेत, क्लोराइड जवळजवळ जागच्या जागी आहे, ढिगाऱ्याजवळ जास्त आणि लांब गेलं की कमी होतंय, तुलनेच्या विहिरीत काहीच हललेलं नाही. असं चित्र तीन-चार फेऱ्या टिकलं तर खाणीकडे बोट दाखवायला भक्कम आधार आहे, सल्फेट ४०० च्या आत असलं तरी. मर्यादा ओलांडण्याची वाट पाहणं हा या कामातला सगळ्यांत महागडा आळस. ६० चं सल्फेट दोन वर्षांत १८० झालं तर पिण्याच्या मानकात ते अजून 'उत्तम' आहे. भूजलाच्या दृष्टीने मात्र धोक्याची घंटा वाजलेली असते.

नायट्रेट, क्लोराइड, पोटॅशियम जोडीने चढले आणि जिवाणू सापडले तर आधी गावातले उकिरडे आणि शोषखड्डे बघा. सम्पच्या आणि नाल्याच्या पाण्यात नायट्रेटसोबत अमोनिया निघाला आणि वरच्या अंगाला नाही, तर ब्लास्टिंगचा विचार करा. तुलनेच्या विहिरींसकट सगळीकडे सगळंच थोडं-थोडं वाढलं असेल तर ते बहुधा कमी पावसाचं वर्ष आहे.

फ्लोराइडचा गुंता जरा खोल आहे. खोल बोअर, सोडियम जास्त, कॅल्शियम कमी, फ्लोराइड २. हे खडकाचं काम, खाणीने ते घातलेलं नाही. पण खाणीच्या उपशाने उथळ विहीर आटली म्हणून गावाने तीनशे फुटांचं बोअर मारलं आणि तिथे हे पाणी लागलं असेल तर? तेव्हा तुमचा पुरावा रासायनिक तक्त्यात नसतो, पातळीच्या वहीत असतो. म्हणूनच ती महिन्याची वही इतकी जपायची.

खाणीचे आकडे मिळवा आणि शेजारी मांडा

पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. कंपनीचं संकेतस्थळ आणि पर्यावरण मंत्रालयाचं परिवेश पोर्टल आधी धुंडाळा, नाही मिळाला तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, दरवर्षी सप्टेंबरअखेर द्यायचं पर्यावरण विवरणपत्र आणि केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र हेही मागा. खाणीने किती पिझोमीटर बसवायचे हे या प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. कागदावर सहा आणि जागेवर चार, असा फरक निघाला तर तो तिथेच फोटोसह नोंदवा.

त्यांचे आकडे वाचताना नमुना कुठल्या विहिरीचा आहे ते आधी पाहा. खाणीच्या वरच्या अंगाच्या विहिरीच दर वेळी तपासल्या जात असतील तर अहवाल कायम स्वच्छच येणार. सलग चार तिमाहींत पीएच, टीडीएस, सल्फेट सगळं जवळजवळ तेच असेल तर तेही संशयास्पद. पावसाळ्यातली आणि मे महिन्यातली उघडी विहीर सारखं पाणी देत नाही.

गावाचे आकडे तक्रारीसाठी चालतात, तपासणीला भाग पाडण्यासाठी चालतात. पण खाणीच्या विसर्गाचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून उभा राहायचा तर तो १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो: खाणीला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद आणि सह्यांचे. म्हणून अर्जात 'प्रदूषण थांबवा' असं मोघम लिहू नका. 'अमुक नाल्यावर अमुक ठिकाणी कलम २१ नुसार नमुना घ्यावा, सोबत आमचे सहा फेऱ्यांचे आकडे जोडले आहेत' असं लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि पोच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जायचं ठरलं तर मुदती ध्यानात ठेवा: वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई आणि पर्यावरणाची भरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. सल्फेट कोणत्या फेरीत चढायला लागलं याची तारीख तुमच्या वहीत असते, तिचा उपयोग इथे होतो.

विहीर पिण्याच्या वापरातली असेल आणि आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर हे सगळं होईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला लेखी कळवून दुसऱ्या स्रोताची मागणी करा. पाणी उकळून सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड कमी होत नाहीत, उलट थोडे दाट होतात.

खाण बंद झाल्यावर

पंप थांबला की खड्डा भरू लागतो. आजवर खड्ड्याकडे असलेला ओढा हळूहळू मंदावतो आणि पाणी पुरेसं चढलं की ते उताराच्या दिशेने बाहेर निघू शकतं. इतकी वर्षं उघडे पडलेले थर आणि आत टाकलेली माती आता बुडते, त्यांतले क्षार विरघळतात. चालू खाणीच्या काळात स्वच्छ राहिलेल्या विहिरी या टप्प्यात बिघडू शकतात, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं. रिकाम्या खड्ड्यात राख भरायचं ठरलं असेल तर बोरॉनची तपासणी राख पडण्याच्या आधीपासून सुरू करा.

कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीचे पैसे बाजूला राखून ठेवणारं एस्क्रो खातं सक्तीचं आहे. आराखड्याची प्रत मागवा, त्यात बंद झाल्यावर पाणी किती वर्षं आणि कुठे तपासायचं म्हटलं आहे ते वाचा, आणि तुमच्या विहिरींचे क्रमांक त्यात घालून घ्या. खड्ड्यातल्या पाण्याची पातळी आणि तुमच्या विहिरींची पातळी एकाच तारखेला, एकाच संदर्भ उंचीवरून मोजत राहा. खड्ड्याची पातळी तुमच्या विहिरीच्या वर गेली की त्या विहिरीची पूर्ण तपासणी वर्षातून दोनदा न करता चारदा करायची.